रॉथ आयआरएमध्ये जास्त पैसे भरले गेले असतील, तर काय करायचं?

अमेरिकेत नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं झाली की कुणीतरी सांगतंच, “रॉथ आयआरए उघडून टाक, म्हातारपणी काढशील तेव्हा वाढलेल्या पैशावर टॅक्स नाही.” सल्ला चांगला आहे. आयआरए म्हणजे निवृत्तीसाठीचं वैयक्तिक खातं आणि रॉथ हा त्याचा एक प्रकार, ज्यात कर भरून झालेले पैसे टाकतात. पण या खात्यात दरवर्षी किती भरता येतं याला मर्यादा आहे आणि रॉथच्या बाबतीत ती तुमच्या त्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरते, हे फारसं कुणी सांगत नाही. मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या रकमेवर ६ टक्के जादा कर लागतो. तो एकदा भरून सुटत नाही. ती रक्कम खात्यात पडून राहील तितकी वर्षं, दर वर्षी लागतो.

ब्रोकरेज कंपनी तुम्हाला थांबवत नाही, कारण तुमचं उत्पन्न किती आहे, दुसऱ्या कंपनीत तुमचं आणखी एखादं आयआरए आहे का, हे तिला माहीत नसतं. वेळेत दुरुस्ती केली तर मात्र हा ६ टक्के कर एक डॉलरही लागत नाही. मी या सगळ्यातून गेले आहे. नव्याने आलेल्या आपल्या लोकांना जिथे जिथे अडायला होतं, तिथे इथे जरा जास्त थांबले आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी: हा लेख पूर्ण वाचून होईपर्यंत ब्रोकरेजच्या साइटवर जाऊन पैसे काढू नका. साधं ‘विथड्रॉ’ केलं तर ते आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) लेखी दुरुस्ती ठरत नाही.

१. खरंच जास्त भरलंय का, ते आधी काढा

२०२५ साठी सगळ्या आयआरए खात्यांत मिळून ७,००० डॉलर भरता येतात, वय ५० किंवा जास्त असेल तर ८,०००. २०२६ साठी हेच आकडे ७,५०० आणि ८,६०० आहेत. ट्रॅडिशनल (आयआरएचा दुसरा प्रकार, ज्यात पैसे काढताना कर लागतो) आणि रॉथ मिळून ही एकच मर्यादा आहे. दोन कंपन्यांत दोन खाती असली तरी ती दुप्पट होत नाही. शिवाय त्या वर्षी तुमची किंवा (जॉइंट रिटर्न भरत असाल तर) जोडीदाराची कमाई तेवढी असावी लागते. एच-४ व्हिसावर असलेल्या, नोकरी न करणाऱ्या जोडीदाराच्या नावानेही जॉइंट रिटर्नच्या आधारावर आयआरए भरता येतं.

त्यानंतर रॉथची उत्पन्नाची अट. यासाठी ‘एमएजीआय’ हा आकडा धरतात. साधारणपणे तुमच्या फॉर्म १०४० (वार्षिक टॅक्स रिटर्न) वरचं अॅडजस्टेड ग्रॉस इन्कम घ्यायचं आणि त्यात काही मोजके फेरफार करायचे. २०२५ साठी:

- सिंगल: १,५०,००० डॉलरपर्यंत पूर्ण, १,६५,००० ला शून्य
- जॉइंट: २,३६,००० पर्यंत पूर्ण, २,४६,००० ला शून्य
- लग्न झालंय पण रिटर्न वेगळं भरलंय आणि वर्षात कधीही एकत्र राहिलात: १०,००० ला शून्य

मधल्या पट्ट्यात मर्यादा प्रमाणात कमी होत जाते. समजा तुम्ही सिंगल आहात, पन्नाशीच्या आत आहात आणि एमएजीआय १,५६,००० आलं. १५,००० च्या पट्ट्यात तुम्ही ६,००० आत शिरलात, म्हणजे ४० टक्के. ७,००० चे ४० टक्के २,८००. तुमची मर्यादा उरली ४,२००. पूर्ण ७,००० भरले असतील तर २,८०० जास्त झाले. पुढे हेच उदाहरण चालवते.

आपल्या लोकांचं एमएजीआय फुगतं ते बहुतेक वेळा पगाराने नाही. अमेरिकेचे टॅक्स रेसिडेंट झालात की जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. एनआरओ खात्यातलं व्याज, एफडीचं व्याज, पुण्या-ठाण्यातल्या फ्लॅटचं भाडं, म्युच्युअल फंडातला नफा, सगळं. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून अनेक जण ते सोडून देतात, पण अमेरिकेत ते करपात्रच आहे. भारतात भरलेल्या करामुळे इथला कर कमी होऊ शकतो, पण एमएजीआय एक पैशानेही कमी होत नाही.

आमच्याकडे भावंडांनी मिळून पुण्यातला फ्लॅट विकला तेव्हा माझ्या वाट्याचा नफा धरल्यावर रॉथची मर्यादा ओलांडली गेली. विक्री झाली डिसेंबरात आणि रॉथचे पैसे जानेवारीपासून दर महिन्याला आपोआप जात होते. तुमच्याकडेही असं काही झालं असेल तर नफा नीट काढा. मालमत्ता आईवडिलांच्या निधनानंतर वारसाने आली असेल, तर अमेरिकेच्या हिशेबात खरेदीकिंमत म्हणून साधारणपणे निधनाच्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरतात, वडिलांनी १९८५ साली मोजलेली नाही. त्यामुळे नफा बराच खाली येऊ शकतो आणि कधी कधी जास्तीचा प्रश्नच उरत नाही.

२. लग्न करून आलेल्यांनी इथे थांबा

वर दिलेली १०,००० डॉलरची ओळ पुन्हा वाचा. मुलगा किंवा मुलगी इथे नोकरीला, लग्न भारतात, जोडीदाराकडे अजून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून रिटर्न ‘मॅरिड फायलिंग सेपरेटली’ भरलं. हे फार होतं. जोडीदार वर्षभर भारतातच असेल आणि तुम्ही वर्षात एक दिवसही एकत्र राहिला नसाल, तर रॉथसाठी सिंगलची मर्यादा लागू होते. पण जोडीदार ऑक्टोबरात आला आणि तुम्ही एकत्र राहू लागलात, तर त्या संपूर्ण वर्षासाठी मर्यादा १०,००० वर येते. म्हणजे नोकरदार माणसाने भरलेला प्रत्येक डॉलर जास्तीचा.

अशा वेळी पैसे काढायच्या आधी जॉइंट रिटर्नचा विचार करा. जोडीदाराला त्या वर्षासाठी टॅक्स रेसिडेंट धरण्याची निवड दोघांनी सहीनिशी करता येते आणि सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नसेल तर रिटर्नसोबत फॉर्म डब्ल्यू-७ जोडून आयटिन (टॅक्ससाठीचा पर्यायी नंबर) मागता येतो. वेगळं रिटर्न आधीच भरलं असेल, तरी मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत ते दुरुस्त करून जॉइंट करता येतं. उलटं, जॉइंटचं सेपरेट, मुदत गेल्यावर करता येत नाही. मात्र जॉइंट केलं की जोडीदाराचं भारतातलं उत्पन्नही इथे दाखवावं लागतं. दोन्ही बाजूंनी हिशेब करून बघा. बहुतेक नवविवाहितांचा रॉथचा प्रश्न इथेच मिटतो.

३. आज तारीख काय आहे?

पुढचं सगळं यावर ठरतं. २०२५ सालासाठी भरलेल्या पैशांच्या बाबतीत:

१५ एप्रिल २०२६ च्या आत असाल, तर सगळे मार्ग खुले आहेत.

१५ एप्रिलपर्यंत रिटर्न किंवा एक्स्टेन्शन (मुदतवाढीचा अर्ज) भरलेलं असेल, तर १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. एक्स्टेन्शन न घेता वेळेत रिटर्न भरणाऱ्यांनाही हे सहा महिने मिळतात. अनेकांना हे ठाऊक नसतं आणि ते घाबरून दंड भरून टाकतात. रिटर्न आधीच भरून झालं असेल आणि या काळात दुरुस्ती केलीत तर १०४०-एक्सने सुधारित रिटर्न भरायचं आणि त्याच्या वर ‘फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२’ असं इंग्रजीत लिहायचं.

१५ ऑक्टोबरही उलटली असेल, तर सरळ सातव्या पायरीवर जा.

४. मार्ग निवडा

पहिला मार्ग म्हणजे जास्तीची रक्कम आणि तिच्यावर झालेला नफा काढून घेणं. मग ती रक्कम कधी भरलीच नव्हती असं धरलं जातं.

दुसरा मार्ग रीकॅरॅक्टरायझेशन. रॉथमध्ये भरलेली रक्कम नफ्यासकट ट्रॅडिशनल आयआरएमध्ये वळवायची, म्हणजे ती पहिल्या दिवसापासून ट्रॅडिशनलमध्येच भरली होती असं धरतात. ट्रॅडिशनलमध्ये भरायला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. कंपनीत ४०१(के) (पगारातून कापून भरायचं निवृत्ती खातं) असेल आणि उत्पन्न या पातळीवर असेल तर त्या रकमेची वजावट मिळत नाही, पण पैसे निवृत्ती खात्यातच राहतात. पुढे ते रॉथमध्ये कन्व्हर्टही करता येतात, यालाच लोक बॅकडोअर रॉथ म्हणतात. मधल्या काळातल्या वाढीवर तेवढा कर लागतो.

उत्पन्नामुळे मर्यादा ओलांडली असेल तर मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण त्या वर्षाची भरण्याची संधी वाया जात नाही. पण दोन ठिकाणी अडकायला होतं.

एक, मुळात ७,००० पेक्षाच जास्त भरले असतील तर या मार्गाचा उपयोग नाही. मर्यादा दोन्ही खात्यांची मिळून आहे. असं बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं. मागच्या वर्षाचे म्हणून एकरकमी पैसे भरताना साइटवर वर्ष निवडायचं राहून जातं, ते चालू वर्षात जमा होतात आणि महिन्याचा हप्ता तर चालूच असतो.

दोन, जुन्या नोकरीचं ४०१(के) तुम्ही रोलओव्हर आयआरएमध्ये आणून ठेवलं असेल तर कन्व्हर्ट करताना प्रो-राटा (प्रमाणशीर वाटणीचा) नियम लागतो. समजा रोलओव्हर आयआरएमध्ये ९३,००० करपूर्व पैसे आहेत आणि तुम्ही ७,००० वजावटीविना भरले. एकूण एक लाख. त्यातले ७,००० कन्व्हर्ट केलेत तर फक्त ७ टक्के, म्हणजे ४९० डॉलर करमुक्त आणि बाकीचे करपात्र. ‘मी नवे पैसेच कन्व्हर्ट केले’ असं म्हणता येत नाही. यात कन्व्हर्ट केलेल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरची शिल्लक धरतात. त्यामुळे त्याआधी रोलओव्हरचे पैसे आताच्या कंपनीच्या ४०१(के) मध्ये हलवता आले, तर वाट मोकळी होते. आणि रीकॅरॅक्टरायझेशन भरलेल्या पैशांचं होतं. एकदा केलेलं कन्व्हर्जन मात्र २०१८ पासून उलटवता येत नाही.

५. नफ्याचा हिशेब

इथे बहुतेकांचा समज चुकतो. ज्या फंडात ते पैसे गुंतवले त्याचा नफा बघायचा नसतो. त्या आयआरए खात्याची एकूण वाढ बघायची असते.

जास्तीचे पैसे जमा होण्याच्या आधीची शिल्लक घ्या आणि त्यात ते पैसे व त्यानंतर भरलेले इतर पैसे मिळवा. ही सुरुवातीची रक्कम. काढायच्या वेळची शिल्लक घ्या, मधल्या काळात काही काढलं असेल तर ते मिळवा. ही शेवटची रक्कम. शेवटच्यातून सुरुवातीची वजा करा, सुरुवातीच्या रकमेने भागा आणि जास्तीच्या रकमेने गुणा.

आपल्या उदाहरणात खात्यात आधी १३,००० होते, ७,००० भरले, सुरुवात २०,०००. आज २२,००० आहेत. वाढ २,०००, म्हणजे १० टक्के. २,८०० वर २८० डॉलर नफा. काढायचे ३,०८०.

बाजार पडला असेल तर हाच आकडा उणे येतो. खातं १८,००० वर आलं असतं, तर २,५२० काढून काम झालं असतं. बरेच ब्रोकर हा हिशेब स्वतः करतात, तरी आपण करून ठेवलेला बरा. सेव्हिंग खात्यातून किंवा कंपनीच्या आरएसयू (कंपनीकडून मिळालेल्या शेअर्सच्या) खात्यातून हे पैसे देता येत नाहीत. ज्या आयआरएमध्ये जास्तीचे भरले, त्यातूनच ते निघायला हवेत.

६. ब्रोकरेजशी बोलणं आणि रिटर्नमध्ये दाखवणं

फोनवर किंवा मेसेजमध्ये नेमके शब्द वापरा: ‘रिटर्न ऑफ एक्सेस कॉन्ट्रिब्यूशन’. कोणत्या टॅक्स वर्षासाठीचे पैसे, किती जास्त, कधी भरले, हे सांगा. वळवायचे असतील तर ‘रीकॅरॅक्टरायझेशन’ म्हणा. दोन्हीसाठी वेगळे फॉर्म असतात. आधी तेवढी रक्कम रोख लागत असेल तर फंड विकून ठेवा. ऑटोमॅटिक हप्ता त्याच फोनवर बंद करा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका, कारण अर्ज तपासायला ब्रोकरला दिवस लागतात.

काम झाल्यावर पुढच्या जानेवारीत १०९९-आर (खात्यातून निघालेल्या पैशांचा ब्रोकरकडून येणारा फॉर्म) येईल. त्यातला चौकोन क्रमांक ७ नीट बघा, तिथे कोड असतो. रॉथमधून जास्तीचे पैसे काढले असतील तर ‘जे’ सोबत ‘पी’ (आधीच्या वर्षी भरलेले) किंवा ‘८’ (त्याच वर्षी भरून काढलेले) हवा. वळवले असतील तर ‘आर’ किंवा ‘एन’. नुसता ‘जे’ असेल, तर ब्रोकरने ते साधं विथड्रॉअल म्हणून नोंदवलं आहे. लगेच फोन करून दुरुस्त १०९९-आर मागा.

नफा कोणत्या वर्षात दाखवायचा? पैसे प्रत्यक्ष ज्या वर्षी भरले, त्या वर्षात. २०२५ मध्ये भरले आणि मार्च २०२६ मध्ये काढले, तर २८० डॉलर २०२५ च्या रिटर्नमध्ये जातात, १०९९-आर २०२७ च्या जानेवारीत येणार असला तरी. त्याची वाट बघू नका, ब्रोकरने दिलेल्या आकड्यावरून आत्ताच दाखवा. पण २०२५ साठीचे पैसे तुम्ही फेब्रुवारी २०२६ मध्ये भरून नंतर काढले असतील, तर नफा २०२६ चा. या नफ्यावर नेहमीच्या दराने कर लागतो. पूर्वी साडेएकोणसाठच्या आतल्यांना १० टक्के जादा करही लागायचा. सिक्युअर २.० कायद्याने २९ डिसेंबर २०२२ पासूनच्या अशा दुरुस्त्यांवरचा तो काढून टाकला आहे. जुने लेख वाचून तो भरू नका.

वळवलं असेल तर रिटर्नला एक छोटं निवेदन जोडा: किती रक्कम, कधी, का, नफा किती. वजावट न मिळालेल्या ट्रॅडिशनल रकमेसाठी फॉर्म ८६०६ भरायलाच हवा. तो राहिला, तर पुढे त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भरायची वेळ येते. राज्याला इन्कम टॅक्स असेल तर राज्याचं रिटर्नही सोबत सुधारा.

७. मुदत टळली असेल तर

त्या वर्षाचे ६ टक्के भरावे लागतात. २,८०० वर १६८ डॉलर, फॉर्म ५३२९ वर. ऑक्टोबरनंतर फक्त जास्तीची रक्कम काढायची, नफा खात्यातच राहू द्यायचा. २०२५ ची रक्कम ३१ डिसेंबर २०२६ च्या आत निघाली, तर २०२६ साठी पुन्हा ६ टक्के लागत नाहीत.

काढायचं नसेल तर ती रक्कम पुढच्या वर्षाच्या मर्यादेत मुरवता येते. २०२६ मध्ये तुमचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर ७,५०० ऐवजी ४,७०० च भरायचे आणि २,८०० त्यात धरायचे. उत्पन्न दरवर्षी वाढतंच असेल तर या आशेवर राहू नका.

कधी कधी चार-पाच वर्षांनी लक्षात येतं. तेव्हा प्रत्येक वर्षाचा, त्या त्या वर्षाचा छापील फॉर्म ५३२९ वेगवेगळा भरून सही करून पाठवता येतो. हा कर वर्षाअखेरच्या आयआरए शिल्लकेच्या ६ टक्क्यांपेक्षा जास्त होत नाही. गप्प बसू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या वेळी टॅक्सची कागदपत्रं स्वच्छ असलेली बरी, आणि रक्कम लहान असताना हे मिटवणं स्वस्त पडतं.

८. नोकरी बदलली असेल तर ४०१(के) सुद्धा तपासा

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर नव्या कंपनीला जुन्या कंपनीतली कपात माहीत नसते. २०२५ साठी पगारातून कापून घ्यायची मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून २३,५०० होती, २०२६ साठी २४,५०० आहे (पन्नाशीच्या पुढच्यांना जास्त). कंपनीची मॅच (कंपनी स्वतःच्या खिशातून भरते ती रक्कम) यात धरत नाहीत. दोन्ही डब्ल्यू-२ (पगार आणि कपातीचा वार्षिक दाखला) वरच्या चौकोन १२ मधल्या ‘डी’ आणि ‘एए’ कोडसमोरच्या रकमांची बेरीज करा. जास्त निघाली तर दोनपैकी एका प्लॅनकडे लेखी ‘एक्सेस डिफरल’ परत मागा. इथे मुदत १५ एप्रिलच, एक्स्टेन्शनने ती वाढत नाही. ती चुकली तर त्या पैशांवर एकदा आत्ता आणि एकदा निवृत्तीच्या वेळी असा दोनदा कर बसतो. प्लॅनवाल्यांना वेळ लागतो, म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच कळवा.

जवळ ठेवायचे कागद

- ज्या वर्षासाठी पैसे भरले, त्या वर्षाचं रिटर्न आणि सगळे डब्ल्यू-२
- फॉर्म ५४९८ (आयआरएमध्ये किती भरलं ते दाखवतो, मेअखेरपर्यंत येतो, त्याआधी खात्याची हिस्टरी डाउनलोड करा)
- पैसे भरण्याच्या आदल्या दिवसाची आणि काढतानाची शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट
- भारतातल्या व्याजाचे दाखले, भाड्याच्या नोंदी, विक्रीचे कागद
- ब्रोकरचं दुरुस्तीचं पत्र, नफ्याचा हिशेब, नंतर आलेला १०९९-आर
- लागू असेल तसे ५३२९, ८६०६, १०४०-एक्स

ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या आसपास घुटमळतं, त्यांनी वर्ष चालू असताना रॉथ भरूच नये असं माझं मत आहे. मागच्या वर्षाचे पैसे १५ एप्रिलपर्यंत भरता येतात. जानेवारी-फेब्रुवारीत डब्ल्यू-२ आणि भारतातले आकडे हाती आले की एमएजीआय काढा, मग मर्यादेइतकेच भरा. आणि परत भारतात जायचं ठरलं असेल, तर ही दुरुस्ती निघायच्या आधी, अमेरिकेचा पत्ता आणि फोन नंबर चालू असतानाच पूर्ण करा. ओळख पटवण्याचे कोड त्या नंबरवर येतात आणि १०९९-आर त्या पत्त्यावर.